नऊ वाजताची पूजा

शरणम्मा गेली त्या दिवशी सकाळी चनबसप्पा दाढी करत होते. साडेसहाला फोन वाजला. शुश्रूषा केंद्राचा मालक रेवणसिद्ध स्वतः बोलत होता.

"काका, काकू गेल्या. झोपेतच गेल्या. काही तरास न्हाय."

चनबसप्पांनी गालावरचा साबण टॉवेलने पुसला आणि अक्कलकोटला मुलीला फोन लावला. त्यांना वाईट वाटलं, पण धक्का बसला असं म्हणता येणार नाही. दीड वर्षापूर्वी शरणम्माचं उजवं अंग गेलं होतं, त्याच झटक्यात वाचाही गेली होती. असा फोन एक दिवस येणार, हे ते धरूनच चालले होते.

काय झालं ते खरं कळलं दहाच्या सुमारास, घरी.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. आंघोळ घालतात, विभूती लावतात, मांडी घालून बसवतात, डाव्या तळव्यावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवतात आणि बसलेलंच रुद्रभूमीत पुरायला नेतात. शरणम्माला भवानी पेठेतल्या घरी आणलं तेव्हा शेजारच्या शिवबाई, मुलगी शिवलीला आणि आणखी दोघी तिला आंघोळीला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. बाहेर पुरुषमंडळी विमानाला, म्हणजे तिला बसवून न्यायच्या मखराला, फुलं बांधत होती. जंगम स्वामी येऊन बसले होते. आतून आधी पाण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

शिवबाई दाराशी आल्या. "अण्णा, जरा आत या. एकटेच या."

शरणम्माला कुशीवर घेतलं होतं. शिवलीला तिच्या डोक्याशी बसली होती. माकडहाडाच्या जागी तळहाताएवढी जखम होती, कडेने काळी. आत कोंबलेला कापूस शिवबाईंनी काढून बाजूला ठेवला होता. जखमेच्या तळाशी हाड दिसत होतं. पावडरचा वास येत होता आणि त्याखालून दुसरा वास.

"ही आजकालची न्हाय, अण्णा," शिवबाई म्हणाल्या. "दीड-दोन म्हयन्याची तरी हाय."

शिवलीलाने वर बघितलं. "अप्पा, तुमी रोज जात होता की."

तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. बाहेरून स्वामींनी वेळ होतेय म्हणून हाक दिली. अंग ताठायच्या आत बसवायला हवं होतं. शिवबाईंनी जुन्या मऊ लुगड्याची चौघडी केली, तिच्यावर कापूस पसरला आणि चौघींनी मिळून शरणम्माला त्यावर बसवलं. दुसरा काही इलाज नव्हता. रुद्रभूमीपर्यंत ती त्या जखमेवरच बसून गेली. चनबसप्पा विमानाच्या मागून चालत होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त ती चौघडी होती.

दाखल्यावर मरणाचं कारण लिहिलं होतं, हृदयक्रिया बंद पडल्याने.

चनबसप्पांनी चाळीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात माल तपासायचं काम केलं होतं. समोरून टॉवेल कुणालाही बरा दिसतो. तुटलेला धागा, तेलाचा डाग, सगळं सापडतं ते मागच्या अंगाला. म्हणून प्रत्येक नग उलटून बघायचा. नव्या कामगाराला ते पहिल्या दिवशी हेच शिकवायचे.

शरणम्मा आजारी पडल्यावर पाच महिने त्यांनी तिला घरी सांभाळलं. नंतर त्यांच्या कमरेने दगा दिला. शिवलीलाच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, तिच्याकडे दुसरं माणूस ठेवणं शक्य नव्हतं. मग रेवणसिद्धचं नाव निघालं. समाजातला, लांबच्या नात्यातला मुलगा. विजापूर रोडच्या आतल्या बाजूला एका दुमजली घरात तो बावीस माणसं सांभाळायचा. कुणी अर्धांगाचे, कुणी मांडीचं हाड मोडलेले, कुणी नुसतेच म्हातारे.

चनबसप्पांना एकच घोर होता. शरणम्माने कळत्या वयापासून लिंगपूजा केल्याशिवाय तोंडात पाणी घेतलं नव्हतं. बोलता येत नव्हतं तरी सकाळी ती डाव्या हाताने गळ्यातलं लिंग चाचपायची आणि नवऱ्याकडे बघायची.

"काका, दुसरीकडं पूजा म्हटलं की लोक तोंड वाकडं करतील," रेवणसिद्ध म्हणाला होता. "हितं तसं न्हाय. तुमी नऊला या. काकू तयार असतील."

आणि खरोखरच ती तयार असायची. सिटी बसने नऊला चनबसप्पा पोचायचे तेव्हा शरणम्मा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेली असायची. केस विंचरलेले, कपाळावर विभूती, पडू नये म्हणून छातीवरून ओढणी खुर्चीला बांधलेली. ते तिच्या डाव्या तळव्याखाली आपला हात धरायचे, तळव्यावर लिंग ठेवायचे, पाणी घालायचे, बेलपान वाहायचे. शेवटी चमच्याने तीर्थ तिच्या तोंडात सोडायचे. अर्धा तास जायचा. दहाला ते परतीची बस धरायचे. वाटेत त्यांना बरं वाटायचं. बायको बसलीय, स्वच्छ आहे, पूजा चुकत नाही. आणखी काय पाहिजे?

कधीकधी ती पूजेत कण्हायची. त्यांना वाटायचं, जुनं सगळं आठवत असेल.

शरणम्मा जायच्या महिनाभर आधी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात, महापालिकेची तपासणी आली. आदल्या दिवशी केंद्रात धावपळ होती. फरशीला फिनेल, पलंगांवर नव्या चादरी, भिंतीवर औषधांचा तक्ता. शरणम्माच्या पलंगावर हवा भरायची गादी आली होती. रेवणसिद्धने कागदांचा एक गठ्ठा चनबसप्पांपुढे ठेवला. वर छापलं होतं, 'कूस बदलल्याची नोंद'. दर दोन तासांना डावी, उजवी, उताणी असे रकाने होते आणि खाली नातेवाईकाची सही.

"ह्या मागच्या म्हयन्याच्या राहिल्यात, काका. आणि ह्या पुढच्या. एकदाच करून टाका, परत परत तुमाला तरास नको."

रकाने सगळे कोरे होते. चनबसप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यांवर सही केली. आपल्यामुळे पोराची अडचण नको, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे नऊला गेले. तळव्यावर पाणी घालून झालं होतं तेवढ्यात तपासणीच्या डॉक्टर वाघमोडे खोलीत आल्या. तिशीतली बाई, हातात फायल.

"आजींची पाठ बघायचीय. जरा कुशीवर घेता का?"

रात्रपाळीची मावशी म्हाळसाबाई हिला त्या दिवशी तपासणीसाठी थांबवून घेतलं होतं. ती लगेच पुढे झाली. चनबसप्पांनी मान वर केली नाही.

"मॅडम, पूजा चालू हाय. लिंग हातावर असताना हलवू नका तिला. झाल्यावर बघा."

डॉक्टर बाई चार पावलं मागे सरल्या. त्यांनी चपलाही दाराबाहेर काढल्या. "किती वेळ लागेल?"

"अर्धा तास तरी," रेवणसिद्ध म्हणाला. "तवर वरचा मजला बघून घ्या की, मॅडम."

त्या वर गेल्या. खाली आल्या तेव्हा चहा तयार होता आणि पुढचं ठिकाण जुळे सोलापूरला होतं. जाता जाता त्यांनी चनबसप्पांना विचारलं, "आजोबा, समाधानी आहात ना इथे?"

"लई चांगलं ठेवलंय, मॅडम. मला घरी हे जमलं नसतं."

हे सगळं त्यांना नंतर शब्दाशब्दाने आठवलं. त्या वेळी त्यात आठवण्यासारखं काही नव्हतं.

माती झाल्याच्या पाचव्या दिवशी रेवणसिद्ध शरणम्माच्या वस्तू घेऊन आला. दोन साड्या, स्वेटर, कंगवा, स्टीलचा चमचा. शिवलीला अजून माहेरीच होती. तिने पिशवी घेतली आणि त्याला बस म्हटलं नाही. तो आपणच बसला.

"पाठीला भोक पडलं होतं अव्वाच्या," ती म्हणाली. "हाड दिसत होतं. तुला माहीत न्हवतं?"

"अक्का, अर्धांगाच्या माणसाला असं होतंच. साखर, वय. डॉक्टर येऊन बघून जायचे की. मलम लावायचो आमी."

"आमाला का सांगितलं न्हाय?"

"काका रोज येत होते. काकांना काय सांगायचं, ते तर घरच्यासारखे." तो चनबसप्पांकडे वळला. "काका, तुमीच सांगा, कधी कमी केलं का आमी? माझ्या आईला बी मी एवढं केलं न्हाय."

"तुझी आई कुटं हाय?" शिवलीलाने विचारलं.

"भावाकडं."

"तरीच."

रेवणसिद्ध तोंडातल्या तोंडात हसला. उठता उठता, सहज आठवल्यासारखं म्हणाला, "लोक तक्रार करा म्हणत्यात, ऐकलं मी. करा. तुमचा हक्क हाय. पण सगळ्या नोंदीवर काकांच्या सह्या हायत. उगं तुमचंच हसं नको."

तो गेल्यावर शिवलीला बापापुढे येऊन उभी राहिली. "कसल्या सह्या?"

त्यांनी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला नाही, रडलीही नाही. "किती कागद होते?" एवढंच विचारलं. त्यांनी मोजले नव्हते.

म्हाळसाबाई लिमयेवाडीत राहते हे चनबसप्पांना ठाऊक होतं. मूळची सांगोल्याकडची. दिवसकार्याची शिवगणाराधना झाल्यावर ते विचारत विचारत तिच्या घरी गेले. ती दारात भांडी घासत होती. त्यांना बघून हात धुतले, पदर घेतला आणि आत बसवलं नाही. तिथेच कट्ट्यावर पोतं टाकलं.

"कशाला आला ते ठाव हाय मला," ती म्हणाली.

"मग सांगा."

"तुमी नवाला यायचा. आमची रात्रपाळी सुटायची सातला. बावीस माणसांत आमी दोघी. दिवसपाळीला एकटीच बाई, तिला उचलवत न्हाय. मग पाचालाच आमी दोघी मिळून म्हातारीला उचलायचो, धुवायचो, खुर्चीत बसवून बांधायचो. न्हाय तर तुमी आल्यावर ती पलंगावरच दिसली असती, आन् रेवणसिद्धसाहेब आमाला बोलला असता."

"पाचाला?"

"पाचाला. कधी साडेचारला."

"आणि परत निजवायचे कधी?"

"दिवसपाळीला दुसरं कोण हाताला लागंल तवा. दुपारचं जेवण झाल्यावर. एक वाजायचा, दोन वाजायचे."

चनबसप्पांनी मनात तास मोजले. रोज आठ. कधी नऊ.

"रात्री तरी कूस बदलायचा का?"

"एकदा. लई झालं तर दोनदा." म्हाळसाबाई तांब्याकडे बघत बोलत होती. "पाठीला लाल झालं तवाच साहेबाला सांगितलं मी. आता बसवू नका म्हटलं. म्हणला, पूजेला बसलेलंच लागतं, काका त्यासाठीच हितं आलेत, मलम लाव."

"मला का सांगितलं न्हाय?"

"कसं सांगू? तुमी आल्यावर ओढणी बांधलेल्या बायकोकडं बघून असं खूस व्हायचा. त्या डॉक्टरीण बाईपुढं मी पुढं झाले की. तुमीच नको म्हटला." तिने ओले हात पदराला पुसले. "तुमाला वाईट वाटंल म्हणून सांगत न्हाय. झालं ते सांगते."

"मावशी, तुमी हे महापालिकेच्या साहेबांपुढं सांगाल का?"

"न्हाय," ती म्हणाली. "माझी नोकरी हाय तितं. आन् तितं अजून एकवीस माणसं हायत. मी गेले तर रात्री एकच बाई राहंल."

तिने चहा विचारला. त्यांनी नको म्हटलं.

बसवलेलीच पूजा पाहिजे असं शास्त्र कुठे होतं? त्यांनी स्वामींना जाऊन विचारलं. स्वामी म्हणाले, "आजाऱ्याला कसली सक्ती, चनबसप्पा? निजून बी चालतं. उशीवर डोकं ठेवून, हातावर लिंग. तुमी विचारलं असतं तर सांगितलं असतं." त्यांनी विचारलं नव्हतं. शरणम्मा आयुष्यभर बसून पूजा करायची, म्हणून त्यांनी बसवूनच मागितली होती. रेवणसिद्धने ती दिली होती.

शिवलीलाने अर्ज लिहिला. जखमेबद्दल लिहिलं, दाखल्याबद्दल लिहिलं, खाली शिवबाई आणि आंघोळ घालणाऱ्या त्या दोघींच्या सह्या घेतल्या. तो महापालिकेच्या आरोग्य विभागात दिला. पंधरा दिवसांनी बोलावणं आलं. बापलेक दोघं गेले. समोर त्याच वाघमोडे बाई होत्या.

त्यांनी फायल उघडली. आवाज मऊ होता. "मला फार वाईट वाटलं, आजोबा. पण बघा, कूस बदलल्याच्या नोंदी पूर्ण आहेत. प्रत्येक पानावर तुमची सही आहे. आमच्या तपासणीत नातेवाईकाचं मत 'समाधानकारक'. आणि पाठ..." त्या एका ओळीवर थांबल्या. "पाठ तपासली, जखम नाही."

"तुमी पाठ बघितली न्हवती, मॅडम," चनबसप्पा म्हणाले.

खोलीत दुसरा एक कारकून होता. त्याचा टाइप करायचा आवाज थांबला.

"मी बघू दिली न्हवती," ते म्हणाले.

वाघमोडे बाईंनी कारकुनाला बाहेर पाठवलं. मग फायलीचा दोरा बांधला आणि परत सोडला. "तो रकाना मोकळा ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी पाच ठिकाणं होती. मला वाटलं, घरचा माणूस रोज येतो, काही असतं तर तोच बोलला असता."

"मला वाटलं, तुमी बघाल."

"आता काय करायचं ते तुम्ही सांगा. हा अर्ज असा आहे तसा टिकणार नाही. तुमच्याच सह्या त्याच्या विरुद्ध आहेत. टिकवायचा असेल तर सह्या कोऱ्या कागदावर केल्या हे लिहावं लागेल. तपासणी थांबवली तेही. मग माझंही नाव येईल त्यात. ते तुम्ही बघू नका."

शिवलीलाने बापाला दंडाला धरून बाहेर जिन्यात आणलं.

"अप्पा, हे लिहायचं न्हाय."

"का?"

"का म्हंजे? समाजात बोलतील, बायकोला पूजेला बसवून बसवून मारली म्हणतील. तो रेवणसिद्धच सगळ्यांना सांगंल. आपलाच माणूस हाय तो, लग्नाकार्यात सारखा भेटणार."

"खोटं हाय का ते?"

"खोटं न्हाय, पण अर्धं हाय. बसवली त्यांनी. पाच वाजता बसवली त्यांनी. तुमी सांगितलं होतं का पाचाला बसवा?"

"न्हाय. मी विचारलं न्हवतं कधी बसवता ते."

शिवलीला जिन्याच्या कठड्याला टेकली. खालून कुणीतरी जन्माचा दाखला मिळत नाही म्हणून भांडत होतं.

"अव्वाला तुमी यायचा ते आवडायचं," ती शेवटी म्हणाली. "ते बी लिवा मग."

"ते कुठल्या रकान्यात लिहू?"

तिला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तिने पदराने तोंड पुसलं. "जावा. लिवा काय लिवायचं ते."

चनबसप्पा आत गेले. वाघमोडे बाईंनी कोरा कागद दिला. त्यांनी एवढंच लिहिलं.

'मी चनबसप्पा, वय एकाहत्तर. नोंदीच्या कागदांवर माझ्या सह्या आहेत. सह्या केल्या तेव्हा कागद कोरे होते. रोज नऊला पूजेसाठी माझी पत्नी खुर्चीत बसलेली असावी असं मीच सांगितलं होतं. ती पाच वाजल्यापासून दुपारपर्यंत बांधून बसवलेली असायची, हे मला नंतर कळलं. कोणाकडून कळलं ते मी लिहीत नाही. तपासणीच्या दिवशी डॉक्टर मॅडमना तिची पाठ बघायची होती. पूजा चालू होती म्हणून मी बघू दिली नाही. नंतर कोणी बघितली नाही. माझी चूक आहे. पण केंद्रात अजून एकवीस माणसं आहेत. कागद बघू नका. त्यांच्या पाठी बघा.'

वाघमोडे बाईंनी ते दोनदा वाचलं. त्यावर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि स्वतः उठून वरच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आल्या.

"मी परत तपासणीला जाऊ शकणार नाही," त्या म्हणाल्या. "आता माझीच चौकशी लागेल. दुसरा अधिकारी नेमतील."

"कधी?"

"नेमतील."

चनबसप्पा दर सोमवारी महापालिकेत जातात. वाघमोडे बाईंची बदली झाली आहे. नवा अधिकारी अजून आलेला नाही. कारकून ओळखीचा झालाय. तो म्हणतो, "आजोबा, फायल वर आहे." रेवणसिद्ध समाजाच्या कार्यक्रमात भेटला, तेव्हा त्याने वाकून नमस्कार केला आणि चार माणसांत म्हणाला, "काकांचं डोकं जाग्यावर न्हाय हो, दुःखानं."

एकदा ते केंद्रावरही गेले. फाटकातल्या माणसाने आत सोडलं नाही. खिडकीतून त्यांना शरणम्माची खुर्ची दिसली. तीत दुसरी कुणी म्हातारी बसली होती, खेड्याकडची असावी, नऊवारीतली. छातीवरून ओढणी बांधलेली. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. त्यांनी फाटकातल्या माणसाला सांगितलं, तिला जरा निजवा. तो म्हणाला, "तुमी कोण तिचे?"

अर्ज देऊन चार महिने झाले. पुन्हा तपासणी झालेली नाही. त्या बाईची पाठ आणि बाकीच्यांच्या पाठी अजून कुणी बघितलेल्या नाहीत.